देणाऱ्याच्या पदरात

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघर हळदीकुंकू होतं. आलेल्या बायकांना एखादी लहानशी वस्तू देतात, तिला आपण वाण म्हणतो. पण वाण 'देतो' असं कोणी म्हणत नाही. वाण 'लुटतो' असं म्हणतात. दसऱ्याला आपट्याची पानंसुद्धा आपण सोनं म्हणून लुटतो. म्हणजे मराठीत दरोडेखोरही लुटतो आणि हळदीकुंकवाची यजमानीणही लुटते. एक दुसऱ्याचं घेऊन जातो, दुसरी स्वतःचं देऊन टाकते, आणि क्रियापद मात्र एकच! मी साताऱ्यात पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भाषेतल्या असल्या गमतींकडे माझं कधी लक्ष नव्हतं. पाच वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला मात्र हा शब्द मला चांगलाच टोचला.

त्या डिसेंबरात माझे यजमान गेले. दिवाळीच्या आधीच मी भांड्यांच्या दुकानातून दोन डझन स्टीलच्या चहाच्या गाळण्या वाणासाठी आणून ठेवल्या होत्या. संक्रांत आली. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, उलट महिनाभर शेजारणी आळीपाळीने डबे आणून देत होत्या. त्यातल्याच एक वहिनी मला धीर द्यायचा म्हणून म्हणाल्या, "बाई, आता तुम्ही या सगळ्यातून मोकळ्या झालात." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण त्या गेल्यावर मी विचार करत बसले, की मी नेमकी कशातून मोकळी झाले? घेण्यातून नक्कीच नाही. डबे तर रोज येत होते. मी मोकळी झाले होते ती देण्यातून. विधवेने वाण लुटायचं नसतं. आणि ते नाकारलं गेल्यावरच मला कळलं, की दरवर्षी त्या दोन डझन वस्तू वाटताना मला काहीतरी मिळत होतं. ते काय, हे शोधायला मला बराच काळ लागला. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

दान करावं, पुण्य लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या जन्मीचं मला ठाऊक नाही. मला विचारायचं आहे ते याच जन्माबद्दल. आपली वस्तू दुसऱ्याला दिल्याने देणाऱ्याला काही लाभ होतो का? की ती नुसती मनाची समजूत?

पहिला अनुभव सांगते, तो फसलेल्या देण्याचा. यजमानांचे कपडे कपाटात तसेच होते. ते कपाट उघडलं की दिवस वाया जायचा. एकदा कॉलनीत जुने कपडे गोळा करणारी गाडी आली. मी डोळे मिटून सगळे शर्ट दोन पिशव्यांत कोंबले आणि देऊन टाकले. कपाट रिकामं झालं, मन काही हलकं झालं नाही. पुढे महिन्याभराने यजमानांची स्कूटर दाखवायला मी जवळच्या गॅरेजमध्ये गेले. गॅरेज चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याने पुढे होऊन नमस्कार केला आणि ऑइलने माखलेले हात एका कापडाने पुसले. ते कापड म्हणजे यजमानांच्या निळ्या चौकटीच्या शर्टाची बाही होती. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! "बाई, चिंध्या किलोवर आणतो," तो म्हणाला. सातारा काही मोठं गाव नव्हे, वस्तू फिरून फिरून पुन्हा डोळ्यांसमोर येतात.

मला त्या मुलाचा राग आला नाही, गाडीवाल्यांचाही आला नाही. राग आला तो माझाच. शर्ट कुणाला लागणार, कसे लागणार, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. मला फक्त कपाट रिकामं करायचं होतं. त्याला दान म्हणायचं कसं?

आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावरही झालं आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कपडे पोचले. त्यांतले कितीतरी फाटके, मळके, तिथल्या लोकांच्या वापरात न येणारे होते. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडून राहिले. सर्वस्व गेलेल्या कोळी कुटुंबांना ते उचलायलाही अपमान वाटला. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी घरातल्या ६७ कपड्यांपासून 'गूंज' ही संस्था सुरू केली होती. त्सुनामीनंतर हे ढीग निवडून, धुऊन, शिवून वापरात आणण्याचं मोठं काम तिने केलं. या संस्थेची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यामागचा विचार. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता एक प्रश्न मनात येईल. नको असलेली वस्तू देऊन मन हलकं होत नाही म्हणावं, तर हवी असलेली वस्तू देताना हात का अडखळतो? यावर अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी तो १९९० मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या वर्गात निम्म्या मुलांना कॉफीचा एकेक मग फुकट दिला. मग ज्यांना मिळाला त्यांना विचारलं, केवढ्याला विकाल? आणि ज्यांना मिळाला नव्हता त्यांना विचारलं, केवढ्याला घ्याल? मग अगदी सारखेच. पण विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. काही मिनिटांपूर्वी जी वस्तू आपली नव्हती, ती 'माझी' झाल्याबरोबर महाग झाली! या तिघांपैकी काहनमन यांना २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

काही मिनिटांच्या मालकीने मगाची किंमत दुप्पट होत असेल, तर चाळीस वर्षं घरात असलेल्या वस्तूचं काय होत असेल? माळ्यावरचा पितळी बंब, मुलांच्या शाळेच्या वह्या, बंद पडलेला मिक्सर. कोणी न्यायला आलं की आपण म्हणतो, "राहू दे, लागेल कधीतरी." तो कंजूषपणा असेलच असं नाही. आपल्या हातून काय जाणार ते डोळ्यांना दिसत असतं. बदल्यात काय मिळणार ते मात्र दिसत नाही, म्हणून आपला हिशेब चुकतो.

हा हिशेब कसा चुकतो, हेही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तपासून झालं आहे. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकल नॉर्टन यांनी २००८ मध्ये त्याबद्दल लिहिलं. ४६ जणांना सकाळी एकेक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात पाच डॉलर होते, कुणाच्या वीस. संध्याकाळी पाचच्या आत ते खर्च करायचे. निम्म्यांनी स्वतःसाठी, निम्म्यांनी दुसऱ्यासाठी. संध्याकाळी विचारलं तेव्हा दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त खूश होते. पाच होते की वीस, याने फरक पडला नाही. याहून गमतीचा भाग पुढे आहे. दुसऱ्या काही विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं, की यातलं कोण जास्त खूश होईल? बहुतेकांनी सांगितलं, स्वतःवर खर्च करणारे, आणि त्यातही वीसवाले. दोन्ही उत्तरं चूक! मी असे पेपर तपासले आहेत. मुलांना गणित येत असतं, पण गणित मांडतानाच चिन्ह उलटं पडलेलं असतं.

ही श्रीमंत देशांतली चैन असेल, अशी शंका मलाही आली होती. पण पुढे १३६ देशांतल्या लोकांची माहिती पाहिली, तेव्हा १२० देशांत देणं आणि समाधान यांची जोडी दिसली. त्यात गरीब देशही होते. २०१२ मध्ये याच मंडळींनी दोन वर्षांच्या आतल्या बाळांना खाऊ दिला आणि एका बाहुल्याला त्यातला थोडा द्यायला लावला. खाऊ मिळताना मुलं हसली, पण देताना त्याहून जास्त हसली. आणि सगळ्यांत जास्त कधी? स्वतःच्या वाटीतला खाऊ दिला तेव्हा. इतक्या लहान वयात पाप-पुण्य कुठलं? आपल्या घासातला घास चिमणीला भरवणारं मूल आपण सर्वांनी पाहिलं आहे. ते काही उपकार करत नसतं, ते खेळत असतं. मेंदूतही तसंच काहीसं दिसतं. माणूस देणगी द्यायचं ठरवतो, तेव्हा पैसे मिळाल्यावर जागा होणारा मेंदूतला भाग जागा होतो, असं २००६ मधल्या एका संशोधनात आढळलं.

अमेरिकेतल्या आणखी एका पाहणीने मला माझे डबे आठवले. ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेऊन तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जे दुसऱ्यांना मदत करत होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. नुसती मदत घेणाऱ्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. आता धडधाकट माणूसच जास्त मदत करू शकतो, हेही खरं. संशोधकांनी प्रकृतीचा हिशेब लक्षात घेतला होता, तरी एवढ्यावरून 'द्या आणि दीर्घायुषी व्हा' असं मी म्हणणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाला सगळं आणून देणं आणि त्याच्याकडून काहीच न घेणं हे प्रेमाचं लक्षण आहे, असं आपण समजतो. त्याचा मात्र फेरविचार करायला हवा.

मग माझे शर्ट का फसले? देण्यात समाधान असतं, तर ते मला का मिळालं नाही? संशोधकांचंच म्हणणं आहे, की प्रत्येक देणं सुख देत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. देणं आपखुशीचं हवं, कोणी गळ्यात मारलेलं नको. ज्याला द्यायचं त्याच्याशी काही नातं जुळायला हवं. आणि आपल्या देण्याने काय झालं ते दिसायला हवं. 'मुलांच्या भल्यासाठी' म्हणून देणगी दिली तर कमी समाधान मिळतं, आणि या पैशांत एक मच्छरदाणी येईल असं कळलं तर जास्त मिळतं, हेही तपासलेलं आहे.

हे वाचलं आणि मला हसू आलं. या तिन्ही गोष्टी आपल्या आज्यांना ठाऊक होत्या. शेजारच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, ही रीत कशासाठी? देवाणघेवाणीचा हिशेब कधी पुरा होऊ नये आणि येणंजाणं चालू राहावं म्हणून. आमच्या साताऱ्याने तर हे फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. मुलांच्या पोटासाठी मुष्टिफंड निघाला. रोजचा स्वयंपाक करताना घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचं. हजार रुपये देणारा दाता वर्षातून एकदा देतो. मूठभर देणारी बाई रोज देते, तिच्या हाताला देण्याची सवय लागते. आणि त्या मुठीवर जेवलेला मुलगा पुढे त्याच भागात मास्तर होऊन आलेला तिला दिसतो. वसतिगृहात धान्य संपलं, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. सौभाग्याचं लेणं मोडून मुलांना जेवू घालणारी ती बाई मला वाण लुटण्याबद्दल जे शिकवते, ते कोणतंही पुस्तक शिकवत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी विनोबांना १०० एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झालं. पुढे देशभरातून लाखो एकर जमीन मिळाली, पण त्यातली पुष्कळशी खडकाळ किंवा वादातली निघाली आणि ती कधी कसली गेली नाही. 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. स्वतःला जे लागत नाही किंवा जे आपलं नाहीच, ते दिलं तर हात रिकामा होतो, पण त्यात काही येत नाही.

आता त्या गॅरेजकडे परत जाऊ. त्या दिवशी शर्टाच्या बाहीबरोबर मला आणखी एक गोष्ट दिसली. मुलगा नट सोडवायला पक्कड वापरत होता आणि नटाचे कोपरे झिजत होते. पाने पुरेसे नव्हते त्याच्याकडे. माझ्या यजमानांचा पान्यांचा संच घरात होता. दर रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून, त्यावर सगळे पाने क्रमाने मांडून ते स्कूटरशी खेळत बसायचे. शर्ट मी पाच मिनिटांत दिले होते. पाने द्यायला मला चार महिने लागले. पेटी उघडायची, पुसायची, बंद करायची. काहनमनसाहेबांचा मग माझ्या घरी आला होता म्हणा ना!

शेवटी एका रविवारी पेटी नेऊन दिली. मुलाने एकेक पाना उजेडात धरून पाहिला. "बाई, आता असा माल मिळत नाही," एवढंच म्हणाला आणि लगेच एक घेऊन कामाला लागला. रस्त्यावरून घरी येताना मला यजमान गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

आठ दिवसांनी तो दारात उभा. म्हणाला, "बाई, सगळा सेट आहे, पण दहा-अकराचा पाना नाही. घरात कुठे राहिला असेल तर बघा ना. तोच सारखा लागतो."

तो पाना राहिला नव्हता, मी ठेवला होता. यजमानांच्या हाताला तोच जास्त असायचा, म्हणून पेटी नेण्याच्या आदल्या रात्री मी तो काढून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. आठवण म्हणून! मी क्षणभर खोटं बोलणार होते. पण ज्याला पस्तीस वर्षं हातचा न विसरण्याबद्दल शिकवलं, त्याला काय सांगणार? "हातचा ठेवला होता रे," म्हणाले आणि आणून दिला. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने मला गॅरेजमध्ये बोलावलं. भिंतीवर खिळे ठोकून त्याने सगळे पाने क्रमाने टांगले होते. माझ्या ड्रॉवरमध्ये तो पाना नुसता एक लोखंडाचा तुकडा होता. भिंतीवर, नऊच्या आणि बाराच्या मध्ये, तो पुन्हा यजमानांचा पाना झाला.

देणाऱ्याला काय मिळतं, याचं माझं उत्तर एवढंच आहे. देणारा माणसांच्या उलाढालीत राहतो. कोणाला तरी आपला उपयोग आहे, हे त्याला दिसतं. दुःख त्याने जात नाही, माझंही गेलेलं नाही. पण ते एकट्याने कपाटात कोंडून ठेवावं लागत नाही.

माझ्या वयाच्या मंडळींना एक सावधगिरीही सांगते. देणं म्हणजे स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर देणं नव्हे. राहतं घर मुलांच्या नावावर करायचंच असेल, तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर देतो आहोत, हे बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अशी अट मोडली तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. जो स्वतः दुसऱ्याच्या दारात उभा आहे, त्याला देण्याचा आनंद कसा मिळणार?

राहिल्या त्या गाळण्या. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते मी वर्तमानपत्रात वाचलं. मनात आलं, एक गाव ठराव करतं, मग माझ्या इमारतीतल्या बारा बिऱ्हाडांसाठी मी कोणाच्या ठरावाची वाट पाहते आहे? पुढच्या संक्रांतीला मी सगळ्यांना निरोप धाडला, की हळदीकुंकू नाही, नुसतं तिळगूळ घ्यायला या. इमारतीतल्या बायका आल्या, जिना झाडणाऱ्या मावशी आल्या, मागच्या गल्लीतल्या माझ्यासारख्या दोघी-तिघी आल्या. एकदोघी बिचकल्या, एकीने काहीतरी कारण सांगितलं. चोवीसपैकी एकवीस गाळण्या मी लुटल्या.

परवा त्याच वहिनींकडे चहाला गेले होते. त्यांनी गाळणी कपावर धरली आणि म्हणाल्या, "बाई, जाळी चांगली बारीक आहे हो. अजिबात पावडर खाली येत नाही."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)